जिन्याखालच्या खोलीतली पिशवी

१

कुलूप शाबूत होतं, कडी शाबूत होती, आणि आतली पिशवी तेवढी गायब होती.

दैवशाला पोहोचली तेव्हा तुळजाबाईच्या अंगणात निम्मं गाव गोळा झालेलं. पोलीस पाटील झाल्यापासून तिनं एक पाहिलं होतं, गावाला ग्रामसभेची वेळ कधी आठवत नाही, पण भांडणाला मात्र कुणाला उशीर होत नाही.

भांडणाचं मूळ तिला कुणी सांगायला नको होतं. रामकिसन वारल्यावर त्याच्या बायकोनं, तुळजाबाईनं, छातीला माती लावून घर बांधायला काढलं. बांधायचा गुत्ता दिला चांदपाशा मिस्त्रीला, कारण तो रामकिसनचा जिवाभावाचा दोस्त. खालचं घर झालं. वरच्या खोलीच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि होळीच्या सुमाराला मिस्त्री जो घरी गेला तो परत आलाच नाही. सामान तेवढं मागं राहिलं. सेंट्रिंगच्या बल्ल्यांवर दोडक्याचा वेल चढला, मिक्सरच्या पोटात कोंबडी खुडूक बसली. गावाबाहेरच्या त्या घराची जागा अडवून सामान पडलं होतं, आणि तुळजाबाई निरोप धाडून धाडून थकली होती. मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं, "येतो वहिनी. वाटूरला मोठं काम घेतलंय, ते उरकलं की येतोच."

आज शेवटी मिस्त्रीचा मुलगा सोहेब जालन्याहून टेम्पो घेऊन आला. जालन्यात त्यानं प्लॉट घेतला होता, तिथं त्याचं घर व्हायचं होतं आणि ते अब्बाच्याच हातानं व्हायचं होतं. प्लेटा चढल्या, बल्ल्या चढल्या, कोंबडीला हुसकून मिक्सरही चढला. मग तुळजाबाईकडून किल्ली घेऊन त्यानं जिन्याखालची खोली उघडली. खुंटीवर अब्बाच्या हत्यारांची पिशवी असायला हवी होती. थापी, ओळंबा, गुण्या. खुंटी रिकामी होती.

"मिक्सर कितीबी भेटतेत," सोहेब दैवशालाला म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "ती थापी माझ्या दादाची, अब्बाच्या बापाची व्हती. तिच्यानंच माझ्या घराची पहिली वीट बसणार व्हती. ती कुठून आणू?"

"चोरी झाली म्हणायला कुलूप तर तुटलेलं न्हाई."

"म्हणूनच म्हणतो! किल्ल्या दोन. अब्बाची कवाच हरवली, अब्बा सोता बोलले मला. राह्यली काकूची. आन् हाटेलात बसून कोण म्हणत व्हतं, मिस्त्रीचं भंगार इकून टाकतो म्हणून?"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. भिंतीला टेकून बबलू उभा होता, तुळजाबाईचा एकुलता एक.

"म्हणलो व्हतो," तो म्हणाला. "रागात म्हणलो व्हतो. पण हात न्हाई लावला कशाला."

"ते चौकीत सांग. मी अर्ज देऊन आलोय. तुझं नाव घालून."

बबलू पोलीस भरतीत निवडला गेला होता, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पहाटे धावून धावून त्यानं ती नोकरी मिळवली होती. आता फक्त चारित्र्याची पडताळणी बाकी होती. चोरीचा गुन्हा नोंदला गेला असता तर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

तुळजाबाईनं चौकटीचा आधार घेतला. मग लेकाकडे वळून ती हळूच म्हणाली, "खरं सांग बबलू. तू घेतली का?"

बबलूनं आईकडे नुसतं पाहिलं, आणि घरात निघून गेला.

२

चौकीतले साहेबराव जमादार माणूस भला होता, पण कायद्याच्या बाहेर जाणारा नव्हता. "पाटीलबाई, संध्याकाळपर्यंत अर्ज हातात ठेवतो," ते फोनवर म्हणाले. "त्याच्या पुढं मला नोंद करणं भाग आहे."

बबलू आतल्या खोलीत पेटीवर बसला होता. दैवशाला त्याच्यासमोर टेकली.

"आत्या, नोकरीचं जाऊ द्या," तो म्हणाला. "आईनं इचारलं मला. सगळ्यांसमोर इचारलं."

"आई घाबरली बाबा."

"घाबरली, म्हणून चोर समजली?"

पोरगा खरं बोलतोय असं दैवशालाला आतून वाटत होतं. पण आतून वाटलेलं काही साहेबरावांच्या कागदावर चढत नाही.

"वहिनी, घरात दिवसा कोण असतंय?" तिनं बाहेर येऊन तुळजाबाईला विचारलं.

"कोण असणार? कापूस फुटल्यापासून मी सकाळी रानात जाते ती दिवेलागणीला येते. बबलू दिवसभर जालन्याला, आधी भरतीच्या अकादमीत, आता कागदांपाई. वर तर मी कैक महिने गेले न्हाई, जिन्याला कठडा न्हाई अन् गुडघे बोलून राह्यलेत."

"मिस्त्री येईना म्हणल्यावर दुसऱ्याला का नाही दिलं काम?"

"कल्याणला इचारलं होतं की."

कल्याण हा चांदपाशाचाच चेला. त्याच्या हाताखाली शिकला आणि आता स्वतः गुत्ते घेत होता. भर बाजारात त्यानं तुळजाबाईला हात जोडले होते: उस्तादाची थापी जागेवर आहे तोवर मी तिथं वीट लावणार नाही. गवंड्यांचा हा रिवाज दैवशालालाही ठाऊक होता. थापी जागेवर म्हणजे काम अजून त्याचंच.

आणि थापी जागेवर नसेल तर?

तर रस्ता मोकळा. कुणाला तरी ती नाहीशी व्हायला हवीच होती. दैवशालानं ही गोष्ट मनाशी ठेवली, आणि ज्याची पिशवी गेली त्याच्या घराकडे निघाली.

३

चांदपाशा मिस्त्री ओसरीवर बाजेवर बसला होता. उन्हं चांगली चढली होती, तरी अंगावर शाल. नेहमी तो पाटीलबाईंना कपाळाला हात लावून सलाम करायचा. आज नुसती मान हलवली.

"वाटूरला नाही गेलात आज?"

"आज सुट्टी घेतली."

त्याची बायको खैरुनबी चहा घेऊन आली. दैवशालाच्या हातात कप दिला, मिस्त्रीचा बाजेवर ठेवला, आणि जाता जाता त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावून गेली. म्हातारपणीही मिस्त्रीचे लाड चाललेत, असं दैवशालाच्या ओठांवर आलं होतं. पण त्याचा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

"पिशवी कधी गेली, मिस्त्री?"

"काय म्हाईत. किल्ली हरवली माझी. पिशवी तिथंच राह्यली व्हती. कोणी नेली असंल."

"कोणी म्हणजे? सोहेबनं बबलूचं नाव घालून अर्ज दिलाय."

मिस्त्री ताडकन उठला. शाल घसरली, ती त्यानं घाईघाईनं सावरली. "बबलूचं? बबलूचं नाव कोण घ्यायला सांगितलं? त्ये लेकरू माझ्या खांद्यावर बसून मोठं झालंय!"

"मग कुणी नेली?"

तो परत खाली बसला. शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. दैवशाला उठली तेव्हा त्याचा चहा तसाच होता, वर साय धरलेली. दाराशी खैरुनबीनं तिचा हात धरला, काही बोलायला तोंड उघडलं, आणि नवऱ्याकडे बघून मिटलं.

रस्त्यावर येताच दैवशालानं वाटूरला फोन लावला. तिची नणंद बेबीनंदा तिथं फाट्यावर किराणा दुकान चालवायची, आणि वाटूरला कुणाची वीट कुणाच्या दारात उतरली हे तिला सरपंचाच्या आधी कळायचं.

"चांदपाशा मिस्त्री?" बेबीनंदा म्हणाली. "वयनी, होळीपासून मी त्यायला इकडं पाह्यलंच न्हाई. काम कुठलं अन् काय कुठलं!"

दैवशाला उन्हात उभीच राहिली. खैरुनबी रोज सकाळी मिस्त्रीला डबा बांधून देते, हे गल्लीतल्या बाया सांगायच्या. मग तो डबा घेऊन माणूस जात कुठे होता?

४

ती पुन्हा तुळजाबाईच्या घरी आली. अंगणातली गर्दी पांगली होती. सोहेब टेम्पोच्या पायरीवर बसून कुणाशी बोलत नव्हता. दैवशालानं जिन्याकडे पाहिलं. जिना बाहेरून होता, आणि पायऱ्यांवर धूळ असायला हवी होती. मधोमध ती पुसलेली होती.

वरच्या खोलीला ना दार ना खिडकी. नुसत्या विटांच्या भिंती. पण उजव्या हाताच्या भिंतीशी येताच तिचे पाय थबकले.

त्या भिंतीला गिलावा होता. सिमेंटचा नव्हता, गाळलेल्या मातीचा होता. तिनं बोट लावलं, बोट ओलं झालं. कालपरवाचाच. खाली सुकलेल्या मातीचे पोपडे ढिगानं पडलेले. कुणीतरी लावलं होतं, खरवडलं होतं, पुन्हा लावलं होतं. आणि मातीवर थापीच्या रेघा स्वच्छ उमटल्या होत्या.

म्हणजे थापी चोरीला गेलीच नव्हती. ती इथं, याच घरात, कालपरवापर्यंत चालत होती.

दैवशाला रेघा बघत राहिली. काहीतरी खटकत होतं. तिची मोठी जाऊ कांताबाई डावखुरी होती. दोघी मिळून अंगण सारवायच्या तेव्हा शेणात बोटांच्या चंद्रकोरी पडायच्या, दैवशालाच्या एका बाजूला वळलेल्या, कांताबाईच्या दुसऱ्या. कुणी कुठवर सारवलं ते सासूला न विचारता कळायचं, आणि कामचुकारपणा कुणाचा तेही. दैवशाला धावत खाली आली. मागच्या भिंतीला चांदपाशानं लावलेला पहिला गिलावा अजून खरबरीतच होता. त्याच्या रेघांचा बाक तिनं पाहिला. पुन्हा वर गेली.

वरचा बाक उलटा होता. वरचं काम डाव्या हातानं झालं होतं.

गावात डावखुरा गवंडी एकच होता, कल्याण.

५

कल्याण आला तो सरळ वर आला. भिंतीसमोर उभा राहिला.

"हे तू केलंस?" दैवशालानं विचारलं. "उस्तादची थापी नेली, म्हणजे तुला काम उचलायला मोकळीक झाली. खरं बोल कल्याण, खाली एका पोराची नोकरी चालली आहे."

कल्याणचा चेहरा लाल झाला. "पाटीलबाई, हुकूम असंल तर चौकीत येतो. पण ह्ये काम माझं म्हणू नका. असला गिलावा केला असता तर उस्तादनं मला पालथ्या हातानं हाणली असती."

दैवशालानं भिंतीकडे पुन्हा पाहिलं, आणि या वेळी नीट पाहिलं. कुठं ढेकूळ, कुठं खळगा. रेघ निघते आणि मध्येच थरथरून तुटते. कल्याणचा हात तिनं पाहिला होता, आरशासारखा गिलावा करायचा पोरगा. ज्याला काम चोरायचं तो सिमेंट लावील, माती कशाला लावील? माती लावतो तो खरवडून पुन्हा लावण्यासाठी. हे काम नव्हतंच. कुणीतरी इथं शिकत होतं. हात कच्चा होता. पण भिंतीच्या दोन्ही कडांना ओळंब्याच्या खुणा अगदी बरोबर होत्या, नवशिक्याला जमणार नाहीत अशा. डोकं मुरलेल्या गवंड्याचं, आणि हात पहिल्या दिवसाच्या पोराचा.

मुरलेला गवंडी डाव्या हातानं शिकायला कधी बसेल?

बटण लावून जाणारी खैरुनबी तिला आठवली. साय धरलेला चहा. उन्हातली शाल. सलामाला न उचललेला हात.

"देवा रे," दैवशाला म्हणाली, आणि तिथंच विटांवर बसली. कल्याणला काही कळेना. तिनंही त्याला सांगितलं नाही.

६

"मिस्त्री, उजवा हात दाखवा."

खैरुनबीनं तोंडाला पदर लावला. मिस्त्रीनं डाव्या हातानं शाल बाजूला केली. उजवा हात मांडीवर पडला होता, बोटं आत वळलेली.

"होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, तर हात उठलाच न्हाई," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणला, डोक्यात रक्ताची गाठ झाल्ती, जान वाचली हेच नशीब. हात आता असाच. मी म्हणलो, कोणाला सांगायचं न्हाई. ईदला सोहेब आल्ता, तर बुखाराचं सोंग घेऊन पांघरुणात पडून राह्यलो."

"का पण?"

"त्येनं प्लॉट घेतला ना, पाटीलबाई. लहान व्हता तवापासून म्हणायचा, अब्बा, सगळ्या गावाची घरं बांधता, आपलं कधी? आपलं अजून पत्र्याचंच हाय." त्यानं बाहेर पाहिलं. "म्हणलो, डावा हात हाय की. वहिनी रानात गेली की मागच्या वाटेनं जायचो. सामान मुद्दाम तिथंच ठेवलं. घरी आणलं असतं तर सगळ्यांला कळलं असतं, मिस्त्री संपला."

"आणि पिशवी?"

"वरच हाय, वाळूच्या ढिगात. किल्ली हरवली म्हणलो ते बी खोटं. सोहेब अचानक फोन केला, टेम्पो घेऊन येतो म्हणून. म्हणलो, थापी न्हाई भेटली तर काम सुरू व्हायला जरा टाइम लागंल. तेवढ्यात हात बसंल माझा. बबलूवर येईल हे डोक्यातच न्हाई आलं. खुदाची कसम, न्हाई आलं."

दैवशालाला जे बोलायचं ते बोलावंच लागलं. "चौकीत चला. संध्याकाळ होत आली. तुम्ही सांगितल्याशिवाय बबलू सुटत नाही."

"चलतो. पण सोहेबला हाताचं नका सांगू. मी माझ्या तोंडानं सांगंन, कधीतरी."

"पिशवी मीच दुसरीकडं ठेवली, विसरलो, एवढंच म्हणा. हाताचं मी नाही सांगत."

तिनं हे मनापासून सांगितलं, आणि तिला वाटलं, सुटला प्रश्न. मिस्त्री मात्र उठून उभा राहिला तरी जागचा हलेना. खैरुनबीनं त्याला टोपी घातली, शाल नीट लपेटली. त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की दैवशालानं मान वळवली. पुढं काय होणार ते त्याला तेव्हाच कळलं होतं, हे तिच्या लक्षात आलं ते फार उशिरा.

७

चौकीत साहेबराव होते, सोहेब होता. बबलू दाराबाहेर उभा होता, आणि तुळजाबाई त्याच्यापासून चार हात लांब.

दैवशालानं पिशवी टेबलावर ठेवली. सोहेबनं ती उघडून थापी छातीशी धरली.

"मीच ठेवली व्हती, साहेब," चांदपाशा म्हणाला. "म्हातारा झालो, इसरलो. बबलूचा काय बी दोष न्हाई."

"अब्बा!" सोहेबला राग यावा की हसू, कळेना. मग तो दाराकडे वळला. "बबलू, माफ कर यार. माझंच डोकं फिरलं व्हतं." बबलूनं मान हलवली. तुळजाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. ती लेकाकडे सरकली, पण तो जागचा हलला नाही.

साहेबरावांनी दोन ओळी लिहिल्या. माल माझा आहे, मिळाला आहे, कुणावर तक्रार नाही. कागद फिरवून त्यांनी वर पेन ठेवला.

"माल तुमचा, सही तुमचीच लागते मिस्त्री. अर्ज इथंच संपला."

मिस्त्री पेनाकडे बघत राहिला. एवढा विचार केला दैवशालानं, भिंतीचा, मातीचा, रेघांचा, आणि या साध्या सहीचा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. "साहेब, सही उद्या घेतली तर?" ती घाईनं म्हणाली.

"मालकाच्या सहीशिवाय अर्ज कसा मिटवू, बाई?"

मिस्त्रीनं दाराबाहेर बबलूकडे पाहिलं. मग शालीतून डावा हात काढून टेबलावर ठेवला.

"अंगठा घ्या, साहेब."

सोहेब हसला. "अब्बा, अंगूठा? दस्तखत करो ना." मिस्त्रीची उर्दूतली सही सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती, घर झालं की चौकटीच्या आत तो ती कोरायचा. "क्या हुआ? करो ना अब्बा."

"नहीं होता, बेटा."

सोहेबचं हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. त्यानं थापी खाली ठेवली. पुढं होऊन बापाच्या अंगावरची शाल हळूच उचलली, आणि तो वळलेला हात दोन्ही हातांत घेतला. बोटं सरळ करायला गेला. ती झाली नाहीत.

"कब से?"

मिस्त्रीनं त्या थापीकडे पाहिलं. "तेरे घर के वास्ते उल्टे हाथ से सीखरा था," तो म्हणाला. "बहुत किया. आया नहीं."

सोहेब तो हात गालाला लावून खाली बसला, लहान पोरासारखा. "नक्को मेरे को घर," तो पुटपुटत होता. "नक्को अब्बा. कुछ नक्को."

"ऐसा नक्को बोल. कल्याण बाँधेगा. मैं बाजू में कुर्सी डाल के बैठूँगा."

एवढं मात्र तो नीट बोलला. मग जमादारानं पुढं केलेल्या डबीत त्यानं अंगठा बुडवला, कागदावर टेकवला, आणि सगळ्यांच्या देखत रडायला लागला.